ज्ञाताच्या कुंपणावर: रोमँटिक कवींचा संशय वाचायला शिकताना

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आमच्या वहीत इंग्रजी रोमँटिक कवींवर एक टीप होती. वर्ड्‌स्वर्थ निसर्गाचा कवी, शेली क्रांतीचा, कीट्स सौंदर्याचा, बायरन बंडाचा. टीप पाच गुणांची होती, मला साडेतीन मिळाले, आणि पुढची कित्येक वर्षं मी या मंडळींकडे फिरकलो नाही. ज्यांचं सगळं आधीच ठरून गेलंय त्यांच्याकडे जाऊन करायचं काय? मग एका पावसाळ्यात, घरात वाचायला दुसरं काही उरलं नव्हतं म्हणून, वर्ड्‌स्वर्थची 'टिंटर्न अ‍ॅबी' पुन्हा काढली आणि पन्नासाव्या ओळीच्या आसपास ठेच लागली. कवी स्वतःच म्हणत होता, की आत्ता मी जे बोललो तो कदाचित पोकळ समज असेल. वहीत ही ओळ नव्हती.

त्या ठेचेपासून पुढे कसं जायचं, ते इथे सांगतो. शाळा-कॉलेजपुरतं इंग्रजी येतं, तत्त्वज्ञान कधी वाचलेलं नाही, आणि 'रोमँटिक' म्हटलं की हिंदी सिनेमातला पाऊस आठवतो, अशा वाचकासाठी. (मराठीत या प्रवाहाला स्वच्छंदतावाद असा शब्द आहे; परीक्षेत चालतो, बोलताना जड जातो. मी रोमँटिकच म्हणणार आहे.)

आधी सामान

एक पेन्सिल आणि कवितांच्या कागदावरच्या प्रती. या सगळ्या कवितांचे हक्क केव्हाच संपलेत, त्यामुळे इंटरनेटवर फुकट मिळतात. प्रिंट काढा, ओळींमध्ये जागा सोडून. मोबाइलवर वाचू नका, कारण पुढचं सगळं काम खुणा करण्याचं आहे. वेळ आठवड्याला एका कवितेपुरता. पहिलं वाचन मोठ्याने आणि शब्दकोश न उघडता. अडलेले शब्द दुसऱ्या वाचनात बघा.

तत्त्वज्ञानाचं पुस्तक अजून आणू नका. आधी देकार्त, मग ह्यूम, मग कांट आणि मग कविता, अशा शिडीने चढायला गेलेले बरेचजण कांटपाशी खाली उतरतात आणि परत येत नाहीत.

पेन्सिल कुठे टेकवायची

कवितेत 'इफ' म्हणजे 'जर' आला, खूण करा. 'सीम' म्हणजे 'भासतं', 'परहॅप्स' म्हणजे 'कदाचित', 'ऑर' म्हणजे 'किंवा', आणि प्रत्येक प्रश्नचिन्ह. 'वुड' हा बारीक शब्दही सोडू नका. वर्ड्‌स्वर्थ एके ठिकाणी 'मी मानतो' असं न म्हणता 'मी मानू इच्छितो' म्हणतो, आणि ती सगळी कविता त्या इच्छेवर उभी आहे.

हे शब्द म्हणजे कवितेतले सांधे. कवी ठामपणे काही सांगत असतो, आणि या जागी त्याचा पाय किंचित लटपटतो. ज्ञान आणि संशय यांबद्दल रोमँटिक कवींना जे म्हणायचं आहे ते तिथे सापडतं. त्यांची मोठी, टाळ्या घेणारी विधानं तुम्हाला आधीच ठाऊक आहेत. कॅलेंडरांवर छापलेली असतात.

पहिला आठवडा: नदीकाठ

'टिंटर्न अ‍ॅबी'वर तारीख आहे १३ जुलै १७९८. वर्ड्‌स्वर्थ अठ्ठावीस वर्षांचा. वेल्सच्या सीमेवरच्या वाय नदीकाठी तो पाच वर्षांनी परत आलाय, सोबत बहीण डोरोथी आहे. ज्या मठाच्या अवशेषांवरून कवितेला नाव पडलं तो मठ कवितेत कुठेही नाही, तेव्हा त्याला शोधत बसू नका. कविता साधारण १६० ओळींची आहे. एका बैठकीत होते.

कथानक म्हणावं तर इतकंच: ही जागा मी पाहिली होती, शहरातल्या खोलीत तिची आठवण काढत होतो, आणि त्या आठवणीने मला अशा अवस्थेत नेलं की शरीर जवळपास निजलं आणि आम्हाला वस्तूंच्या आतला जीव दिसू लागला. 'दिसू लागला' म्हणतो तो, 'वाटलं' नाही. ज्ञानाचा इतका मोठा दावा करून परिच्छेद संपतो. आणि पुढचा परिच्छेद 'जर'ने सुरू होतो: जर हा नुसता पोकळ समज असेल, तरीही, किती वेळा मी तुझ्याकडे वळलो!

इथे थांबा. त्या 'जर'ला उत्तर मिळतं का, ते शोधा. मिळत नाही. वाक्य युक्तिवाद सोडून सरळ नदीला हाक मारतं. समज खरा की खोटा हे बाजूला राहतं, आणि 'मी वळलो' ही घडलेली गोष्ट पुढे येते. दावा खोडून काढला नाही, सिद्धही केला नाही.

मग शंभराव्या ओळीच्या पुढेमागे डोळा आणि कान यांच्याबद्दलची जागा येते. कवी म्हणतो, इंद्रियं जग अर्धं घडवतात आणि अर्धं पाहतात. रोमँटिक काव्यातलं ज्ञानाबद्दलचं सगळ्यात नेमकं वाक्य कोणतं असं मला कुणी विचारलं, तर मी हेच सांगेन. गंमत म्हणजे या ओळीला वर्ड्‌स्वर्थने स्वतः तळटीप जोडली आहे: ही ओळ यंग नावाच्या कवीच्या एका सुंदर ओळीसारखी आहे, पण त्याचे नेमके शब्द मला आठवत नाहीत. मन अर्धं घडवतं म्हणणाऱ्याची आठवणही अर्धीच निघाली. त्याने ते लपवलं नाही, छापलं.

याच कवीची आणखी एक हकीकत इथे सांगून ठेवतो, पुढे लागेल. म्हातारपणी, १८४३ साली, इझाबेला फेनिक या स्नेही बाईंना त्याने आपल्या कवितांवरच्या टिपा सांगून लिहवून घेतल्या. त्यात तो सांगतो, की लहानपणी शाळेत जाताना त्याला बाहेरचं जग आपल्या बाहेर आहे असं वाटेनासं व्हायचं. सगळं आपल्या मनातच आहे असं वाटायचं. मग वाटेतली भिंत किंवा झाड घट्ट धरून तो स्वतःला परत आणायचा. संशय हा त्याच्याकडे पुस्तकातून आलेला नाही. तो शाळेच्या वाटेवर आला, आणि त्यावरचा उपाय हाताने केलेला होता.

आता तत्त्वज्ञ, पण पंधरा मिनिटांत

एवढं झाल्यावर मागचा पडदा बघायला हरकत नाही. जॉन लॉक १६९० च्या सुमारास म्हणाला, जन्मतः मन कोऱ्या कागदासारखं असतं आणि त्यावर अनुभव लिहितो. मन तिथे घेणारं आहे, देणारं नाही. बिशप बर्कली म्हणाला, मनाबाहेर जड पदार्थ म्हणून काही आहे हे म्हणायला आधारच नाही. डेव्हिड ह्यूमने १७३९ मध्ये त्याहून पुढे जाऊन कार्यकारणभावालाच हात घातला: एकामागून एक घडताना आपण पाहतो, पण एकामुळे दुसरं घडताना कुणी पाहिलंय? या विचारांनी डोकं बधिर झालं की आपण काय करतो हेही ह्यूमने लिहून ठेवलंय. जेवतो, मित्रांबरोबर बॅकगॅमनचा डाव टाकतो, गप्पा मारतो, आणि परत आल्यावर ते विचार इतके थंड आणि हास्यास्पद वाटतात की पुन्हा त्यांत शिरवत नाही. वर्ड्‌स्वर्थने भिंत धरली, ह्यूमने सोंगट्या. १७८१ मध्ये कांटने मांडलं, की मन अनुभवाला स्वतःचा साचा देतं. वस्तू स्वतः मुळात कशी आहे ते मात्र आपल्याला कळू शकत नाही.

नावं लक्षात राहत नसतील तर वर्ड्‌स्वर्थचा कवीमित्र कोलरिज याच्या घरात डोकवा. थोरल्या मुलाचं नाव हार्टली (१७९६), डेव्हिड हार्टली या तत्त्वज्ञावरून. त्याच्या मते विचार म्हणजे संवेदनांच्या जोडण्या. दुसऱ्याचं नाव बर्कली (१७९८). हे बाळ कोलरिज जर्मनीत असताना १७९९ मध्ये वारलं. १८०१ च्या मार्चमध्ये कोलरिज एका मित्राला कळवतो, की हार्टलीचा सिद्धांत मी उलथून टाकला. थोरला तेव्हा साडेचार वर्षांचा होता. तिसऱ्या मुलाला, १८०० मध्ये, नदीचं नाव मिळालं: डर्वेंट. तत्त्वज्ञानातला एका माणसाचा प्रवास मला कुठल्याही प्रस्तावनेपेक्षा या तीन नावांतून लवकर कळला.

दुसरा आठवडा: डोंगर, दोनदा

हा आठवडा जरा अवघड आहे. दोन कविता घ्या, दोन्ही माँ ब्लाँ या आल्प्समधल्या शिखरावरच्या. एक कोलरिजचं सूर्योदयापूर्वीचं स्तोत्र, १८०२. दुसरी शेलीची 'माँ ब्लाँ', जुलै १८१६ मध्ये, त्या शिखराच्या पायथ्याशी शामोनीच्या खोऱ्यात लिहिलेली.

कोलरिजचं स्तोत्र आधी वाचा, सोपं आहे. हिमनद्यांना तो विचारतो, तुम्हाला कुणी घडवलं? प्रवाह, पाइनची झाडं, हिम, सगळे एका आवाजात उत्तर देतात: देवाने. पेन्सिलला फारसं काम पडत नाही. आता ऐका: कोलरिज शामोनीला कधी गेलाच नव्हता. फ्रीडेरीके ब्रुन या कवयित्रीच्या कवितेवर त्याने आपली कविता उभी केली आणि तिचं नाव घेतलं नाही.

शेली मात्र तिथे होता, आर्व नदीवरच्या पुलावर. ऑक्सफर्डमधून नास्तिकतेची पत्रिका काढल्याबद्दल १८११ मध्ये त्याला काढून टाकलं होतं, आणि शामोनीच्या हॉटेलच्या वहीत त्याने स्वतःला ग्रीक भाषेत नास्तिक म्हणवून घेतलं. अशा माणसाकडून आपण कोलरिजला ठणठणीत 'नाही' अशी अपेक्षा धरतो. तसं होत नाही. कविता सुरू होते ती विश्वातल्या वस्तूंचा ओघ मनातून वाहतो या प्रतिमेने, आणि दोन-चार ओळींत नदी कुठली आणि मन कुठलं हेच वेगळं करता येईनासं होतं. पहिल्या भागात अडकलात तर घाबरू नका, सगळेच अडकतात. १४४ ओळींची कविता आहे. पहिल्या वाचनात पहिला आणि पाचवा भागच घेतला तरी चालेल.

शेवटच्या तीन ओळी पाठच करा. डोंगराकडे बघून शेली विचारतो: माणसाच्या कल्पनेला शांतता आणि एकांत म्हणजे नुसती पोकळी वाटली असती, तर तू, ही पृथ्वी, तारे, समुद्र, तुम्ही काय असता? आणि प्रश्नचिन्ह. कविता संपली.

इथे नवख्या वाचकांचे दोन तट पडतात. एक म्हणतो, म्हणजे मनाशिवाय डोंगराला अर्थ नाही, मन जिंकलं. दुसरा म्हणतो, नाही, डोंगर तिथे आहेच, शेली फक्त विचारतोय. दोन्ही बाजूंनी वाक्य ओढून बघा. ते कुठल्याच बाजूला पूर्ण जात नाही. जो पाहून आला तो प्रश्न घेऊन आला, आणि ज्याने पाहिलं नाही त्याच्याकडे उत्तर होतं. यावरून मी कोलरिजला हसायचो. आता तितका हसत नाही, कारण त्या वर्षांत त्याला त्या उत्तराची गरज किती होती हे त्याच्या पत्रांतून दिसतं.

तिसरा आणि चौथा आठवडा: कीट्स

कीट्सला दोन आठवडे द्या, आणि सुरुवात कवितेऐवजी पत्रांनी करा.

डिसेंबर १८१७. कीट्स बावीस वर्षांचा. नाताळातल्या मूकनाट्याचा खेळ बघून ब्राउन आणि डिल्क या मित्रांबरोबर परतताना डिल्कशी त्याची चर्चा रंगली, आणि घरी येऊन त्याने भावांना लिहिलं, की मोठ्या माणसात, विशेषतः शेक्सपिअरमध्ये, कोणता गुण असतो ते मला अचानक उमगलं. त्या गुणाला त्याने 'निगेटिव्ह केपेबिलिटी' म्हटलं: तथ्य आणि तर्काकडे चिडचिडत धाव न घेता अनिश्चिततेत, गूढात, संशयात राहू शकणं. मराठीत याला 'नकारात्मक क्षमता' म्हणतात तेव्हा एखाद्या सरकारी अर्जातला रकाना वाटतो. मी 'न कळण्यात नांदण्याची ताकद' म्हणतो. नांदणं हा शब्द मुद्दाम, कारण नांदायला सोसावंही लागतं.

हा शब्दप्रयोग कीट्सने पुन्हा कधी वापरला नाही. मूळ पत्रही उरलं नाही. भावाच्या विधवेशी पुढे लग्न केलेल्या गृहस्थांनी केलेली नक्कल तेवढी आहे. ज्यावर ग्रंथालयं भरली तो शब्द एकदाच, घाईच्या पत्रात, तोही नकलेतून आपल्यापर्यंत आला. आणि अर्ध्या ज्ञानावर समाधान न मानणारा म्हणून त्या पत्रात नाव कुणाचं घेतलंय? कोलरिजचं.

आता एक चूक टाळा. हे पत्र वाचून 'म्हणजे कवीने विचार करू नये' असा अर्थ बरेचजण काढतात. कीट्सने वैद्यकी शिकलेली होती. गाय्‌ज हॉस्पिटलमध्ये त्याने जखमा बांधल्या होत्या आणि १८१६ मध्ये परवानाही मिळवला होता. म्हणून ३ मे १८१८ चं, रेनल्ड्स या मित्राला लिहिलेलं पत्र लगेच वाचा. तत्त्वज्ञानातली सूत्रं आपल्या नाडीवर पडताळल्याशिवाय सूत्रं होत नाहीत, असं तो तिथे म्हणतो. नाडी धरायला शिकलेल्या माणसाचं ते वाक्य आहे. त्याच पत्रात आयुष्याला तो अनेक दालनांच्या वाड्याची उपमा देतो. दुसऱ्या दालनात आपण सुखाने शिरतो, मग जगातलं दुःख, आजार कळत जातात, दालन अंधारत जातं आणि त्याच वेळी चारी बाजूंना दारं उघडतात, पण सगळी दारं अंधाराकडे जाणारी. 'टिंटर्न अ‍ॅबी' लिहिताना वर्ड्‌स्वर्थ इथवर आला होता, असं कीट्स म्हणतो. म्हणजे पहिल्या आठवड्यात ज्या 'जर'वर तुम्ही खूण केली तिथेच हा मुलगाही थांबला होता. तेव्हा धाकटा भाऊ टॉम क्षयाने खंगत होता. त्याच वर्षी १ डिसेंबरला तो गेला.

यानंतर 'ओड टू अ नाइटिंगेल', मे १८१९. नाइटिंगेल म्हणजे आपला बुलबुल नाही आणि कोकिळाही नाही. साधासा तपकिरी पक्षी, रात्री गातो. रात्र महत्त्वाची आहे. पाचव्या कडव्यात अंधारात पायाशी कुठली फुलं आहेत ते दिसत नाही, तेव्हा कवी वासावरून एकेक ओळखत जातो. 'गेस' हा शब्द आहे तिथे, अंदाज. हे कडवं दिवे घालवून कुणाकडून तरी वाचून घ्या. डोळे नसताना माणसाला किती कळतं, आणि ते कळणं किती वेगळं असतं! शेवटी पक्षी दूर जातो आणि कवी विचारतो, हा भास होता की जागेपणीचं स्वप्न? मी जागा आहे की झोपलेला? आपल्याकडच्या न्यायशास्त्रात संशयाचं ठरलेलं उदाहरण आहे, संधिप्रकाशात दिसणारा खुंट आहे की माणूस. तिथे जवळ जाऊन पाहिलं की संशय फिटतो. कीट्सच्या प्रश्नाला जवळ जाण्याची सोय नाही, कारण ज्याने जवळ जायचं तोच जागा आहे का, हे ठाऊक नाही.

'ओड ऑन अ ग्रीशियन अर्न', म्हणजे ग्रीक कलशावरची कविता, चौथ्या आठवड्यात. सौंदर्य म्हणजेच सत्य, हे त्यातलं वाक्य तुम्ही कपांवर पाहिलं असेल. कवितेत ते कोण म्हणतं ते बघा. कलश म्हणतो. १८२० मध्ये आधी नियतकालिकात ही कविता आली तेव्हा त्या वाक्याला अवतरणचिन्हं नव्हती. त्याच वर्षीच्या पुस्तकात ती तेवढ्याच वाक्याला लागली, आणि 'तुम्हाला एवढंच ठाऊक आहे, एवढंच पुरेसं आहे' हा पुढचा भाग चिन्हांबाहेर राहिला. मग ते कोण, कुणाला म्हणतंय? कलश माणसांना? कवी कलशाला? कवी आपल्याला? चारदा वेगवेगळ्या पद्धतीने अवतरणं घालून वाचा. आधीच्या चार कडव्यांत कवीने या कलशाला प्रश्नांवर प्रश्न विचारलेत (मोजा, मजा येईल) आणि त्याने एकाचंही उत्तर दिलेलं नाही, हे विसरू नका.

विज्ञानाबद्दल दोन शब्द

२८ डिसेंबर १८१७ ला हेडन या चित्रकाराच्या घरी मेजवानी होती. वर्ड्‌स्वर्थ, निबंधकार लॅम, कीट्स सगळे होते, आणि न्यूटनने इंद्रधनुष्याचं लोलकातल्या रंगांत रूपांतर करून त्यातलं काव्य घालवलं यावर थट्टा चालली होती. एवढ्यावरून रोमँटिक कवी विज्ञानविरोधी ठरवले जातात. त्यांनी न्यूटनच्या नावाने पेलाही उचलला, हे सांगायचं राहून जातं. 'लिरिकल बॅलड्‌स' या वर्ड्‌स्वर्थ-कोलरिजच्या कवितासंग्रहाच्या दुसऱ्या आवृत्तीची विरामचिन्हं तपासायला वर्ड्‌स्वर्थने पाठवली ती हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाकडे. कोलरिज पुढे त्याची व्याख्यानं ऐकायला बसला.

दमलात तर बायरन

'डॉन जुआन'चा अकरावा सर्ग उघडा, पहिलं कडवं. बर्कली म्हणाला जड पदार्थ नाही, आणि सिद्धही केलं. मग तो काय म्हणाला याने काय फरक पडतो? इंग्रजीत 'मॅटर' या एका शब्दावर ही कोटी आहे, मराठीत येत नाही. नवव्या सर्गात बायरन म्हणतो, संशय तरी खरंच संशय घेतोय का, याचा मला संशय आहे. भिंत धरणं, सोंगट्या खेळणं, तसं हे हसणं. बायरनला यापेक्षा जास्त वेळ देऊ नका, तो स्वतःच आनंदाने बराच घेतो.

शेवटी मराठीत

आता 'झपूर्झा' वाचा, १८९३ ची. केशवसुतांनी हे इंग्रजी कवी वाचले होते, आणि शाळेत आपण पाठ केलेली ही कविता आता वेगळीच ऐकू येईल. 'ज्ञाताच्या कुंपणावरुन, धीरत्व धरुन, उड्डाण करुन' चिद्घनचपला (चैतन्याच्या मेघातली वीज) जाते, तिथे तिला अंधुक आकृती दिसतात. 'अंधुक'वर पेन्सिल टेकवा. पुढे 'नांगरल्याविण भुई बरी असे कितितरी' येतं. कुंपण, नांगर, पडीक जमीन: न कळलेल्याला इंग्रज कवीने अंधारी दालनं म्हटलं, कोकणातल्या मालगुंडच्या माणसाने न नांगरलेली भुई.

वाचताना दोन्ही प्रती शेजारी ठेवा, नाइटिंगेलचं शेवटचं कडवं आणि 'झपूर्झा'चं पहिलं. दोन्हीकडे भान हरपलंय, दोन्हीकडे प्रश्न आहे. कीट्स विचारतो आणि थांबतो. केशवसुत विचारतात, 'काय म्हणावें या स्थितिला?' आणि लगेच उत्तर देतात. पण उत्तरादाखल जो शब्द देतात तो मुलींच्या खेळातल्या 'जा पोरी जा' या बोलांचा भरभर म्हटल्यावर झालेला उच्चार आहे, असं सांगतात. शब्दकोशात त्याला अर्थ नाही. खेळताना मात्र तो बरोबर कळतो.